ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

"आधी कुठे ते विचारायचं. काय झालं ते मागाहून. आणि पत्ता आपल्या तोंडून निघता कामा नये, तो त्यांच्या तोंडून यायला हवा. कळलं?"

मोठ्या बाईंचा हा आवाज एकवीस वर्षं माझ्या कानात आहे. बाई जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी शिकवलेल्यांपैकी आता त्या खोलीत मी एकटीच उरले आहे.

आमची खोली म्हणजे मदतीसाठी येणारे फोन घेण्याची जागा. कोणी जिन्यावरून पडतं, कुठे आग लागते, कोणाच्या छातीत कळ येते. लोक तो तीन आकडी नंबर दाबतात आणि आमच्यापैकी कोणीतरी उचलतं. शिकाऊ असताना बाई आमच्यासमोर एक बंद फोन कानाला लावून बसायच्या आणि घाबरलेल्या माणसाचं सोंग घ्यायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "बाजाराच्या चौकात आहात ना तुम्ही?"

"हो हो."

"दवाखान्याच्या मागच्या गल्लीत?"

"हो, तिथंच."

मी गोंधळले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "चंद्रावर विचार." मी विचारलं.

"हो गं बाई, चंद्रावरच. लवकर पाठव."

सगळे हसले. बाईंनी फोन खाली ठेवला. "ज्याचं माणूस समोर पडलंय तो कशालाही हो म्हणतो. तुम्ही काय विचारताय ते त्याला ऐकू येत नसतं. कोणीतरी येतंय एवढंच त्याला ऐकायचं असतं. म्हणून 'बरोबर?' हा शब्द या खोलीत नको. विचारा, दारातून काय दिसतं. पाटी कसली आहे. किती जिने चढायचे. त्याच्या डोळ्यांनी बघा."

मी ते नेमासारखं धरलं. नेम धरणं मला जमतं. सकाळी दिवा लावून जप पुरा होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, आणि दिव्याआधी पाण्याचा थेंब घेत नाही. आमचे हे म्हणतात, "हिच्या नेमांची यादी भिंतीला लावली तर रंगाचा खर्च वाचेल." हे बसचालक होते, आता निवृत्त आहेत, आणि घरात बसून बसून त्यांची जीभ वळणावळणाने चालते. पण माझा जप चालू असताना ते रेडिओसुद्धा लावत नाहीत, हेही खरं.

फोन कुठून आला ते आम्हाला कसं कळतं, असं लोक नेहमी विचारतात. तारेचा फोन होता तेव्हा सोपं होतं, नंबराबरोबर घराचा पत्ता यायचा. मग खिशातले फोन आले आणि पत्ता गेला. फक्त टॉवर सांगायचा, माणूस माझ्या या बाजूला कुठेतरी आहे. त्या 'कुठेतरी'त अर्धं उपनगर मावायचं. पुढे फोन स्वतःच आपली जागा कळवायला लागला. उघड्यावर असला तर उपग्रहांवरून, जाड भिंतींच्या आत असला तर आजूबाजूच्या घरांतल्या वायफायवरून अंदाज घेऊन. आणि तो अंदाज आहे हे तो लपवत नसे. माझं इतक्या मीटरनी चुकू शकतं, असा आकडाही पाठवत असे. नकाशावर त्या आकड्याएवढं निळं वर्तुळ उमटायचं. माणूस त्या वर्तुळात कुठेतरी. वर्तुळ मोठं दिसलं की आम्ही सावध व्हायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलांवर संगणकाचे नवे पडदे बसवले. उद्घाटनाला पाहुणे आले, त्यांतल्या एकाने निळ्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, हे काय. कोणीतरी खरं सांगितलं, चूक होण्याची शक्यता. पाहुण्यांचा चेहरा उतरला. महिन्याभरात वर्तुळ गेलं. उरला तो एक लाल ठिपका, त्याच्याखाली छापल्यासारखा पत्ता, आणि 'पत्ता निश्चित' असं हिरवं बटण. फोन उचलल्यापासून ते बटण दाबेपर्यंत वर सेकंद धावायचे. तीस झाले की आकडा तांबडा.

भिंतीवर एक फळा लागला. त्यावर रोज प्रत्येकाची सरासरी. माझी एक्केचाळीस. सगळ्यांत खाली, तांबड्यात.

पाळीच्या प्रमुखाला आम्ही सेकंदकाका म्हणतो. वय बत्तीस, पण दिवसभर मागून फिरत "अठ्ठावीस, एकोणतीस" करत असतो. मनाने वाईट नाही. तो मला हळूच म्हणाला, "ताई, ठिकाण दिसतंय ना पडद्यावर. तुम्ही नुसती खात्री करून घ्या. वाचा, हो म्हणून घ्या, दाबा."

"बाई म्हणायच्या..."

"बाईंच्या काळी ठिपका नव्हता."

साहेबांनी तेच जरा वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर, फळ्याजवळ उभे राहून. "ताई काय देवाला विचारून पत्ता घेतात का? देव लाइनवर थांबवून ठेवत असेल त्यांना."

सगळे हसले. मीही हसले. आणि त्या सोमवारपासून मी पत्ता वाचून दाखवायला लागले.

याला जबरदस्ती म्हणता येणार नाही. मला कोणी धरून बसवलं नव्हतं. एकवीस वर्षांचा नेम मी एका हशासाठी सोडला. तीन दिवसांत माझा आकडा सव्वीसवर आला, फळ्यावर हिरव्यात. सेकंदकाकाने टाळ्या वाजवायला लावल्या. गोष्ट लहान आहे, पण लिहिते, कारण मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी अकरा चाळीसला तो फोन आला.

बाईमाणूस, साठीच्या पुढचं. आवाज धावून आल्यासारखा. "ते पडले. बोलत नाहीत. न्हाणीच्या दारात पडलेत."

ठिपका आला होता. मी वाचलं, "कापड गिरणी रस्ता, सत्तावीस. बरोबर?"

"हो हो. लवकर पाठवा हो."

एकोणीस सेकंद. मी हिरवं बटण दाबलं. रुग्णवाहिका सुटली.

पुढचं मला येतं. ते मी चांगलं करते, हे मी आजही म्हणेन. श्वास चालत नव्हता. फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा करायला लावला, त्यांना पाठीवर सरळ करायला सांगितलं, छातीच्या मधोमध हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात. "मावशी, माझ्याबरोबर मोजा. जोरात. एक, दोन, तीन." त्या मोजत होत्या. मध्ये काही बोलत होत्या, मी "हो मावशी, येतायत, तुम्ही थांबू नका" म्हणत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

सातव्या मिनिटाला दुसऱ्या कानात गाडीचा चालक बोलला. "ताई, सत्तावीस म्हणजे गोदाम आहे. बाहेरून कुलूप."

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका सत्तावीसवर होता, ठामपणे, खिळा ठोकल्यासारखा. या कानात मावशी मोजत होत्या. माणूस आत आहे, मी तिचा श्वास ऐकते आहे, मग कुलूप कसलं?

"मागून दार असेल," मी म्हणाले. "रखवालदाराचं घर असेल आत. बघा."

"मागेही शटर आहे."

"तोडा मग. आत माणूस आहे. मी बोलते आहे त्यांच्याशी."

त्यांनी तोडलं. माझ्या शब्दावर तोडलं. त्याला सहा मिनिटं लागली. आत रिकामी खोकी होती, आणि एक मोडकी खुर्ची. चालक म्हणाला, "ताई, इथं कोणी नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. वायरलेसवर बोलायला तो माझ्याच हाताखाली शिकलेला होता.

तेव्हा कुठे मला बाई आठवल्या. मी विचारलं, "मावशी, तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

"पाण्याची टाकी," मोजता मोजता त्या म्हणाल्या. आवाज गेला होता. "मोठी. पांढरी."

पांढरी टाकी कालव्याच्या पलीकडे आहे. नकाशावर सत्तावीस नंबरच्या गोदामापासून त्यांच्या घराचं अंतर चाळीस मीटर. मध्ये कालवा. पूल गिरणीच्या मागे, वळसा घालून. गाडीला अकरा मिनिटं लागली. रात्री घरी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी फुसका विनोद केला, "तुमच्या नकाशाला पोहता येत असेल." मग माझ्याकडे बघितलं आणि माझं ताट उचलून नेलं.

मावशींचे यजमान गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत पोचले असते तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. हे डॉक्टर नेहमीच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते दया म्हणूनच म्हणतात.

चौकशी लागली. ती व्हायलाच हवी. मी जे घडलं ते लिहून दिलं. सतराव्या दिवशी मी पाळी संपवून खाली आले, तर चौकशीच्या खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. करड्या रंगाचं साधं पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये घातलेले कागद. खिडकीतला कारकून म्हणत होता, "टेप ऐकायला मिळत नाही आजी. तसा नियमच नाही. अर्ज करा."

"अर्ज केला होता."

"मग उत्तर येईल."

मी कारकुनाला म्हणाले, "बसू तरी दे त्यांना."

त्या वळल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा बोला."

"काय?"

"तुम्हीच होतात. मोजा म्हणत होतात."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. आयुष्यात इतक्या लोकांशी बोलले, पण आवाजावरून मला समोर ओळखणाऱ्या त्या पहिल्याच. मी वाट बघत होते, आता काय म्हणतील. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"किती शांत बोलत होतात तुम्ही. तुमच्यामुळे माझे हात थांबले नाहीत. मी मुलालाही सांगितलं, ती बाई होती म्हणून मी एकटी नव्हते."

पत्ता मी वाचून दाखवला, हे सांगायला हवं होतं, तिथंच, त्या बाकावर. पण कारकून बघत होता, जिन्यावरून लोक उतरत होते, आणि कोणी इतके मनापासून आभार मानत असताना त्यांच्या मधे तोंड उघडायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. कार्यालयातून मुलाला फोन गेला होता. तुमच्या आईंनी पत्ता चुकीचा सांगितला, त्यामुळे उशीर झाला. मुलगा दुसऱ्या गावी असतो. दिवस होईपर्यंत राहिला आणि गेला. भांडला नाही. "नुसतं म्हणाला, आई, अडतीस वर्षं राहतेस त्या घरात. तेवढंच. मग जाताना पाया पडला, पण माझ्याकडे बघितलं नाही."

"मावशी..."

"मला आठवतच नाही हो, मी काय सांगितलं. रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न करते. कधी वाटतं बरोबर सांगितलं, कधी वाटतं आमच्या जुन्या घराचा पत्ता सांगितला असेल. एकदा तुम्ही ऐका आणि मला सांगा. मी चुकले असेन तर चुकले म्हणून सांगा, मी सोसेन. पण हे असं मधल्यामधे नाही सोसवत."

"सांगीन," मी म्हणाले. "स्वतः येऊन सांगीन."

त्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली. मी कागद काढला आणि त्यांच्या तोंडून आला तसा लिहून घेतला. टाकीपासून डावीकडे. दुसरं दार. बाहेर पायरीवर निळी बादली. घंटा चालत नाही, कडी वाजवा.

टेप मी सेकंदकाकाकडून ऐकली. त्याने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग जेवणाच्या सुट्टीत मला मागच्या खोलीत बसवून एक हेडफोन मला दिला आणि दुसरा स्वतः घातला. "ताई, मी इथं नव्हतोच," तो म्हणाला.

"बरं. तू इथं नव्हतास."

माझा आवाज. कापड गिरणी रस्ता, सत्तावीस, बरोबर? किती गोड आवाज. त्या गोडपणाची मला किळस आली. मग त्यांचं हो हो. मग मी सूचना देते आहे, फोन खाली ठेवल्याचा आवाज, आणि बावन्नाव्या सेकंदाला, धापा टाकत, अगदी स्पष्ट:

"त्यांना सांगा, पांढऱ्या टाकीपासून डावीकडे. कालव्याच्या अलीकडे नका येऊ, पलीकडे."

आणि मी: "हो मावशी, येतायत, तुम्ही थांबू नका."

सेकंदकाकाने थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच होतं.

त्यांनी सांगितलं होतं. कोणी विचारलं नसताना, नवऱ्याच्या छातीवर दाबता दाबता सांगितलं होतं. आणि मी ऐकलं नव्हतं, कारण माझ्या लेखी पत्ता झाला होता. हिरवा झाला होता.

"अजून एक आहे," सेकंदकाका भिंतीकडे बघत म्हणाला. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणालेत." त्याने नोंद उघडली. पहिला ठिपका आला तेव्हा फोनने कळवलं होतं, माझं साठ मीटरनी चुकू शकतं. वर्तुळ असतं तर कालव्याच्या दोन्ही काठांवर पडलं असतं. चव्वेचाळीसाव्या सेकंदाला फोनने स्वतःला सुधारून दुसरं ठिकाण पाठवलं होतं. टाकीजवळचं, जवळजवळ त्यांच्या दारातलं.

"मग ठिपका हलला का नाही?"

"बटण दाबल्यावर हलत नाही. तसं करून घेतलंय. हलला की सेकंद पुन्हा सुरू होतात ना."

"कोणी करून घेतलं?"

त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "फळ्यासाठी, ताई."

तो रडकुंडीला आला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आत मात्र मला एवढंच वाटत होतं, की फोनने सांगितलं, मावशींनी सांगितलं, चालकानेसुद्धा सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. न ऐकणारी त्या साखळीत एकच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब तसे सभ्य आहेत. उठून खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं.

"अहवाल तयार आहे, ताई. खाली तुमची सही लागेल. वाचून घ्या."

मी वाचलं. 'कॉल करणाऱ्या महिलेस पत्ता वाचून दाखविण्यात आला असता तिने होकार दिला. सदर होकारावरून वाहन तत्काळ रवाना करण्यात आले.' मी तीनदा वाचलं.

"एक शब्द खोटा दाखवा," साहेब म्हणाले.

"खोटा नाही. अर्धा आहे."

"अहवाल अर्धाच असतो. पूर्ण लिहायला बसलो तर पहिलं नाव तुमचं येईल."

"येऊ दे."

"तुमच्यापाशी थांबत नाही ना ते. मग बटण येतं. मग वर्तुळ का काढलं ते येतं. मग वरपर्यंत जातं." ते खरंच समजावून सांगत होते. "चौदा महिने राहिलेत तुमचे. अब्रूने जा. मी काही तुमच्या वाईटावर नाही."

"टाकीचं यात नाही."

"ते वेगळ्या टिपणात घेतो."

"ते टिपण कुठे जाईल?"

"फाइलला."

"आणि त्या बाईंना?"

"त्यांना अहवालाची प्रत जाईल की."

टेबलावर आणखी एक पत्र होतं, पाकिटात घालायच्या बेतात. गोदामाच्या मालकाला. आपल्या मालमत्तेचे झालेले नुकसान व मनःस्ताप याबद्दल हे कार्यालय दिलगिरी व्यक्त करते. माझी नजर तिथे गेलेली साहेबांनी पाहिली.

"ते तातडीचं होतं," ते म्हणाले.

"मी त्यांना भेटून सांगितलं तर?"

"कोणाला? त्या बाईंना?" ते मागे टेकले. "फोन करणाऱ्याला परस्पर भेटायचं नाही, हे तुम्हीच शिकवता नव्यांना. घरी बसवतील, ताई. आणि मी मधे पडू शकणार नाही." मग जरा हसले. "उद्या सुट्टी आहे तुमची. घेऊन जा कागद. तुमच्या नेमात बसतं का बघा."

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

ह्यांना सगळं सांगितलं. ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होते. निवृत्तीनंतर संध्याकाळचं तेच करतात.

"समज, नाही सांगितलंस," ते म्हणाले. "त्या बाई काय करतील?"

"मरेपर्यंत आठवत बसतील."

"आणि सांगितलंस तर?"

"तर माझा राग करतील."

"आणि नोकरी जाईल."

"हं."

ते चिरत राहिले. "बस चालवताना एकदा मी थांबा चुकवला होता. म्हातारा होता एक, हात करत होता. मला दिसला होता. वेळ भरून काढायची होती म्हणून नाही थांबलो. सत्तावीस वर्षांत तेवढा एकच चेहरा लक्षात आहे." सुरी धुऊन त्यांनी पालथी ठेवली. "त्याला मी कुठे शोधणार? तुझ्याकडे निदान पत्ता आहे."

त्यांनी मला जा म्हटलं नाही. जाऊ नको असंही म्हटलं नाही. कांद्याने आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि रेडिओ लावला.

सकाळी मी दिवा लावला आणि जपाला बसले. माळ पुढे सरकेना. देवाच्या नावाच्या जागी माझाच आवाज येत होता, गोड, बरोबर? बरोबर? मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. तीनदा केली. देवाने काही सांगितलं नाही. तो सांगत नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी माणूस कान देऊन बसतं. देवालाही कोणी फळ्यावर घालून सव्वीस सेकंदांत उत्तर द्यायला लावलं असतं, तर त्याने काय केलं असतं, असा वेडावाकडा विचार मनात आला. त्याबद्दल मी तिथल्या तिथे क्षमा मागितली. पण विचार गेला नाही.

माळ पुरी झाल्यावर मी पाणी प्यायले आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर लिहिलं: पत्ता मी वाचून दाखवला. त्यांनी बावन्नाव्या सेकंदाला खरा पत्ता सांगितला, तो मी ऐकला नाही. चव्वेचाळीसाव्या सेकंदाला फोननेही कळवला होता, तो पडद्यावर दिसण्याची सोय ठेवलेली नव्हती. गोदाम माझ्या सांगण्यावरून तोडलं. खाली सही केली, तारीख घातली. दुसरी प्रत काढून कार्यालयाच्या पाकिटात घातली. साहेबांचा अहवाल सही न करता तसाच त्याच पाकिटात ठेवला आणि ते येताना टपालात टाकायचं ठरवलं.

याने काही होणार नाही, हे मला दिसत होतं. मावशींचं माणूस परत येणार नाही. मुलाने आईकडे बघितलं नाही तो क्षण पुसला जाणार नाही. फार तर तो एकदा फोन करील आणि दोघंही दुसऱ्याच कशाबद्दल बोलतील. फळा राहील. माझ्या जागी कोणीतरी पोरगी येईल, वाचेल, हो म्हणून घेईल, दाबेल. आणि मावशींनी माझा हात हातात घेऊन जे आभार मानले होते, ते मला त्यांच्या उंबऱ्यावर परत ठेवून यायचं होतं. त्यानंतर त्यांच्याकडे ती शांत आवाजाची बाईसुद्धा उरणार नव्हती. त्या दिवशी आपण एकट्याच होतो, हे त्यांना माझ्याच तोंडून कळणार होतं.

पर्समध्ये तो लिहून घेतलेला पत्ता आहे ना, ते मी पुन्हा पाहिलं. मग मी दार ओढून घेत असताना हे आतून म्हणाले, "कुठे गं?"

एकवीस वर्षं मी हाच प्रश्न लोकांना विचारत आले. मी चपलांचे पट्टे नीट केले.

"कालव्याच्या पलीकडे. पांढऱ्या टाकीपासून डावीकडे, दुसरं दार."

"बस नाही जात तिथवर. पुलापासून चालावं लागेल."

"चालते," मी म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.